झीज आणि हानी

घर रिकामे करून किल्ल्या परत देण्याचा दिवस हा व्यवहारातला एक लहानसा न्यायनिवाड्याचाच दिवस असतो. कारण सामान खाली उतरल्यावर ज्या भिंती उघड्या पडतात, त्यांच्यावर त्या घरात गेलेल्या वर्षांची नोंद राहिलेली असते आणि ती घरमालक एका दृष्टीने वाचतो, भाडेकरू दुसऱ्या. कपाट होते तेथे रंगाचा मूळ गडद चौकोन आणि भोवती फिकटलेली भिंत. खिळ्यांची आणि खुंट्यांची भोके. मोरीच्या उंबऱ्याशी झिजून खोलगट झालेली शहाबादी फरशी. पलंगाच्या पायाने ओढलेला पांढरा ओरखडा. ओट्यामागे फोडणीच्या तेलाचा चिकट पिवळा थर. आणि देव्हाऱ्याच्या वर, सकाळ-संध्याकाळच्या निरांजनाने व उदबत्तीने चढवलेला काजळीचा पट्टा. यांतले राहण्याचे चिन्ह कोणते आणि बिघडवण्याचे कोणते, हे ठरल्याखेरीज अनामत रकमेचा हिशेब पुरा होत नाही, आणि ते ठरवण्याचे माप बहुधा दोघांपैकी एकाजवळही नसते. तक्रार चार-दोन हजार रुपयांची दिसते, म्हणून शहाणे लोक तिला क्षुद्र समजून हसतात. मला मात्र तिच्या मुळाशी धर्मविचारातला एक जुना प्रश्न दिसतो: आपल्या हाती काही काळापुरती आलेली वस्तू आपण वापरली, तिच्यावर आपल्या वापराचा माग उमटला, तर तो माग हे आपल्या डोक्यावरचे ऋण समजावे की नाही?

कायद्यापुरते उत्तर आपल्याकडे १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८व्या कलमात आहे. भाडेपट्ट्याने घेतलेली मिळकत ज्या चांगल्या स्थितीत ताब्यात आली त्याच स्थितीत परत करण्याचा जिम्मा ते कलम भाडेकरूवर टाकते आणि त्याच श्वासात त्यातून दोन गोष्टी वगळते: वाजवी वापराने येणारी झीज, आणि ज्याच्यापुढे कोणाचाच इलाज चालत नाही अशा बलाने घडलेला फरक. घर कसे वापरावे याचेही माप तेथेच दिले आहे. सामान्य शहाणपणाचा मनुष्य स्वतःची वस्तू जशी वापरील तशी. हे माप दिसायला साधे आहे, पण ते मनुष्याकडून एक कठीण वृत्ती मागते. मालकी नसताना मालकासारखी कळकळ ठेवायची, आणि मुदत संपली की त्या कळकळीच्या जोरावर एक वीतभरही हक्क सांगायचा नाही, हे ते मागणे आहे. ईशावास्य उपनिषदाने पहिल्याच मंत्रात त्यागपूर्वक भोग घेण्याचा आणि दुसऱ्याच्या धनाची अभिलाषा न धरण्याचा जो उपदेश केला, त्याचे प्रात्यक्षिक पाहायचे असेल तर एखाद्या ऋषीच्या आश्रमात जाण्याचे कारण नाही. परक्याच्या अंगणातल्या तुळशीला दहा वर्षे पाणी घालून, जाताना ती तेथेच ठेवून जाणाऱ्या एखाद्या बिऱ्हाडकरणीकडे पाहिले तरी पुरे.

झीज ही हानी नव्हे, एवढेच नव्हे तर झिजेचेही गणित मांडता येते, ही जाण आपल्या धर्मशास्त्रकारांना पुरेपूर होती. नारदस्मृतीत वस्त्राच्या किंमतीविषयी एक मोठा मनोरंजक नियम आहे. नवे वस्त्र एकदा धुतले की त्याची किंमत आठव्या हिश्शाने उतरते. दोनदा धुतल्यावर चौथाईने, तीनदा धुतल्यावर तिसऱ्या हिश्शाने, आणि चार वेळा धुतले की ते निम्म्यावर येते. तेथून पुढे प्रत्येक धुण्यात ते उतरतच जाते, आणि अखेर दशा विरून वस्त्र पार जीर्ण झाले की मग उताराचा काही नियमच राहत नाही. परिटाने वस्त्र हरवले वा फाडले, तर त्याच्याकडून भरपाई किती घ्यावी हे या हिशेबाने ठरवायचे. म्हणजे अपराध सिद्ध झाल्यावरही त्याचे मोल नव्या वस्त्राच्या भावाने लावायचे नाही. ज्या दिवशी नाश झाला त्या दिवशी त्या वस्त्रात जेवढे आयुष्य शिल्लक होते तेवढ्यापुरतेच लावायचे. आजचे हिशेबनीस यालाच घसारा म्हणतात.

आता हा नियम आपल्या घराच्या भिंतीला लावून पाहावा. रंग देऊन सहा वर्षे झाली आहेत, आणि भाडेकरूच्या मुलांनी दिवाणखान्याच्या एका भिंतीवर पेन्सिलीने व पेनाने हत्ती-घोडे काढले आहेत. ही हानी आहे, ती झीज नव्हे, हे मुलांच्या बापालाही नाकारता येणार नाही. परंतु म्हणून सबंध घराच्या नव्या रंगाचा खर्च अनामतीतून कापून घेणारा घरमालक जे करतो, त्याला नारदाच्या सभेत कोणी न्याय म्हटले नसते; कारण तो एका भिंतीच्या जुन्या, मरणाला टेकलेल्या रंगाच्या बदल्यात सगळ्या घराचा नवा रंग वसूल करू पाहतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की, दरमहा जे भाडे दिले-घेतले जाते ते तरी कशाचे मोल असते? रंग उतरणार, फरशी घासणार, बिजागऱ्या सैल होणार, नळाचे वायसर जाणार, हे सर्व जाणूनच भाडे ठरलेले असते. त्या झिजेचे पैसे पुन्हा अनामतीतून घेणे ही दुबार वसुली होय. सरकारनेही घराचे झिजणे गृहीत धरले आहे. प्राप्तिकराच्या हिशेबात घरभाड्याच्या उत्पन्नातून, स्थानिक कर वजा जाता उरलेल्या रकमेपैकी ३० टक्के रक्कम घरमालकाला सूट म्हणून मिळते, आणि ती मिळवण्यासाठी दुरुस्तीवर एक रुपया खर्च केल्याचाही पुरावा त्याच्याकडे कोणी मागत नाही. ही सूट घेऊन झाल्यावर खिळ्याच्या भोकांचे पैसे मोजून घेणाऱ्यांची संख्या आपल्या शहरांत थोडी नाही.

देव्हाऱ्यावरच्या काजळीचा प्रश्न याहून नाजूक आहे. ज्या घरात कुटुंब राहायला येणार त्या घरात दिवा लागणार, हे घर देणाऱ्याला माहीत नव्हते असे म्हणता येत नाही. तेव्हा नित्याच्या दिव्याने भिंत काळवंडली तर तो वाजवी वापराचाच भाग मानला पाहिजे. दिवा कलंडून लाकडी फडताळ जळाले, तर मात्र दिवा देवापुढचा होता ही सबब चालणार नाही. ओट्यामागच्या तेलकट थराचे तिसरेच आहे: तो साबणाने निघतो, तो मळ आहे, आणि मळ काढून घर परत करणे हे वापरणाऱ्याचेच काम आहे. मात्र देवाच्या नावाने होणारी झीजही अखेर झीजच, आणि ती भरून काढण्याचा खर्च कोणाला तरी सोसावा लागतो, हे पंढरपुरात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसत नाही. विठ्ठलाच्या चरणांवर डोके ठेवण्याची मुभा तेथे प्रत्येकाला आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या स्पर्शाने व अभिषेकांनी पाषाण झिजत आला. ती झीज आवरावी म्हणून मूर्तीला वज्रलेप करावा लागला, अगदी २०२० सालीही. त्या झिजेबद्दल एकाही वारकऱ्याला कोणी जबाबदार धरले नाही, धरणे शक्यही नाही. कारण मूर्ती त्या स्पर्शासाठीच तेथे उभी आहे. ज्या कामासाठी वस्तू दिली त्याच कामात ती झिजली, तर झिजवणाऱ्याकडे बोट दाखवता येत नाही. ती पुन्हा धड करणे हे जो तिचा सांभाळ करतो त्याचे कर्तव्य आहे.

तथापि एवढ्यावरून भाडेकरूंनी निश्चिंत होण्याचे कारण नाही. परक्या घरात कसे राहावे याचे नियम ज्यांनी सर्वांत बारकाईने घालून दिले ते घरदार सोडलेले लोक होते, हा मला आपल्या धर्मेतिहासातला एक विलक्षण योग वाटतो. बौद्ध विनयपिटकाच्या चुल्लवग्गात शयनासनांचे म्हणजे राहत्या जागेचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. भिक्षू सारवून-घोटून तयार केलेल्या जमिनीवर थुंकत, तेव्हा पिकदाणीची परवानगी देण्यात आली. पलंगाच्या पायांनी जमिनीवर ओरखडे उठत, तेव्हा पायांना चिंध्या गुंडाळण्यास सांगण्यात आले. रंग दिलेल्या भिंतीला पाठ टेकून बसल्याने रंग खराब होई, तेव्हा टेकण्यासाठी फळी वापरावी असे ठरले. मग त्या फळीचे खालचे टोक जमीन आणि वरचे टोक भिंत खरवडू लागले, तेव्हा दोन्ही टोकांना कापड गुंडाळावे असे ठरले. धुतल्यावाचून पाय आत ठेवू नयेत असे आहेच. आणि प्रातिमोक्षात नियम आहे की, संघाचा पलंग वा आसन उघड्यावर मांडून, निघताना ते न उचलता आणि कोणाला उचलायला न सांगता जो भिक्षू चालू लागतो, त्याला प्रायश्चित्ताचा दोष लागतो. नाशिक, कार्ले, कान्हेरी, अजिंठा येथल्या विहारांतील लहान लहान खोल्यांतून हिंडताना आपण शिल्पे पाहतो, चित्रे पाहतो; त्या खोल्यांत एका वर्षावासापुरता राहून पुढच्यासाठी जागा जशीच्या तशी मोकळी करून जाणारा मनुष्य कोणत्या शिस्तीत वाढला होता, ते या नियमांवरून कळते.

चुल्लवग्गातच राजा उदयन आणि बुद्धाचा शिष्य आनंद यांचा संवाद आहे. राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दान दिली हे ऐकून राजाला राग आला, की हा श्रमण काय कापडाचे दुकान मांडणार आहे? त्याने जाऊन विचारले, एवढ्या वस्त्रांचे काय करणार? ज्यांची चीवरे जुनी झाली त्या भिक्षूंना वाटून देईन. मग जुन्यांचे काय? त्यांची पांघरायची आच्छादने करू. आणि जुन्या आच्छादनांचे? गादीच्या खोळी, जुन्या खोळींची बिछायत, जुन्या बिछायतीची पायपुसणी, जुन्या पायपुसण्यांची धूळ झाडण्याची फडकी, आणि ती फडकी विरली की त्यांच्या चिंध्या करून, चिखलात मळून, जमीन सारवू. राजाचा राग गेला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. या संवादात वस्त्र पायरीपायरीने झिजत जाते, आणि कोणत्याही पायरीवर ते वाया जात नाही. अंगावरचे कापड अखेरीस घराच्या जमिनीत मुरते. झिजेविषयी एवढी शांत आणि एवढी काटकसरी दृष्टी मला दुसऱ्या कोठे आढळलेली नाही.

झीज आणि हानी यांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट असते, आणि खरा तंटा बहुतेक वेळा तिच्यावरून होतो. तिला आपले जुने लोक गफलत म्हणत, शास्त्रकार प्रमाद म्हणत. इंग्लंडात १९२८ साली हॅस्केल विरुद्ध मार्लो या खटल्यात वाजवी झिजेचा जो अर्थ लावला गेला आणि पुढे तेथल्या सर्वोच्च न्यायपीठानेही जो उचलून धरला, तो या दृष्टीने मननीय आहे. निसर्गक्रमाने छपराचे एक कौल निखळले तर ते भरून देण्याचा बोजा भाडेकरूवर नाही. परंतु तेथून पाणी आत येत आहे हे दिसत असता त्याने काहीच केले नाही, आणि पाण्याने आढे, वासे, जमीन कुजून गेली, तर त्या पुढच्या नाशाला झिजेच्या पांघरुणाखाली दडता येत नाही. कोकणात चार महिने पावसात काढलेल्या माणसाला याचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही. कौल वाऱ्याने सरकते. त्यात कोणाचा कसूर नाही. सरकलेल्या कौलाखाली घमेले ठेवून, वर कोणाला न चढवता आणि घरमालकाला पत्र न टाकता, आषाढ-श्रावण काढणे ही कृती आहे, जरी ती करताना हात हलवावा लागत नाही.

मूलबाळ, म्हातारी माणसे आणि नोकरी यांनी गांजलेला मनुष्य कौलाकडे दुर्लक्ष करतो, त्याला अपराधी म्हणणे जिवावर येते. तरी म्हटलेच पाहिजे. महाभारतात सनत्सुजाताने धृतराष्ट्राला प्रमादालाच मृत्यू मानण्यास सांगितले. आणि कुसिनारा येथे बुद्धाने शिष्यांना अखेरचे जे काही सांगितले, त्यात दोनच गोष्टी आहेत: जे जे घडवलेले आहे ते नासणारे आहे, आणि तुम्ही अप्रमादाने आपले कार्य साधा. या दोन गोष्टी एका वाक्यात सांगाव्या लागल्या, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. सर्व काही नासणारच आहे असे एकदा पटले की मनुष्य निगा राखण्याचे सोडून देतो, आणि निगेचा हट्ट धरला की नासण्याचा राग करू लागतो. पहिला वाईट भाडेकरू होतो, दुसरा वाईट घरमालक.

अनिवार्य आपत्तीविषयी मात्र सर्व काळच्या न्यायबुद्धीचे एकमत दिसते. याज्ञवल्क्याने ठेव सांभाळणाऱ्याला राजा, दैव आणि चोर यांच्याकडून झालेल्या नाशातून मोकळे केले. मराठेशाहीच्या कागदांत अस्मानी-सुलतानी आली म्हणजे वसुलीत सूट मिळे. आणि १८८२ च्या कायद्यातही आग, वादळ, पूर, सैन्य किंवा जमाव यांच्या हातून मिळकतीचा महत्त्वाचा भाग उद्ध्वस्त झाला तर पट्टा रद्द समजण्याचा पर्याय भाडेकरूला ठेवला आहे. शब्द निराळे, यादी जवळपास तीच.

येथवर घराविषयी बोललो. पण ज्या प्रश्नाने मला हा विचार करायला लावले तो घराचा नाही, देहाचा आहे. गीतेने देहाला नऊ दारांचे नगर म्हटले आणि कठोपनिषदाने अकरा दारांचे. दारे किती मोजायची याविषयी मतभेद असला तरी आत राहणारा निराळा आणि नगर निराळे, याविषयी नाही. मग या मुदतीच्या वास्तव्यात नगराची जी पडझड होते तिचा हिशेब कसा लावायचा? डोळ्यांवर पडदा येणे, गुडघे धरणे, कानांनी साथ सोडणे ही झीज, की कोणत्या तरी कसुराबद्दल भरावा लागणारा दंड? आमच्या समाजात दुसरे उत्तर देणाऱ्यांची संख्या मोठी आहे. कोणाला असाध्य रोग झाला, कोणाचे मूल पांगळे जन्मले, की पूर्वकर्माचे भोग म्हणून मान हलवणारे शेजारी लगेच भेटतात. आणि भिंतीवरच्या प्रत्येक रेघेत भाडेकरूची मोडतोड पाहणाऱ्या घरमालकात आणि यांच्यात मला काही फरक दिसत नाही. दोघांनाही झीज नावाची गोष्टच मान्य नसते.

आमच्या वैद्यकाला ती मान्य होती. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेशाने आत्रेयाला विचारले आहे की, काळमृत्यू आणि अकाळमृत्यू असा भेद खरोखर आहे काय? आत्रेयाने उत्तरादाखल गाड्याचा आस पुढे केला. चांगल्या लाकडाचा, नीट बसवलेला आस बेताचे ओझे वाहत वाहत आपल्या प्रमाणाने झिजतो आणि योग्य वेळी संपतो. ते त्याचे काळाने आलेले मरण. तोच आस अतिभाराने, खाचखळग्यांच्या वाटेने किंवा वाट सोडून गेल्याने, चाक मोडल्याने, बैलाच्या किंवा हाकणाऱ्याच्या दोषाने, खीळ निसटल्याने, वंगण न घातल्याने मध्येच मोडतो. ते अकाळी आलेले. सुश्रुताने तर वार्धक्याचेच दोन प्रकार केले: नीट राखण करूनही वेळ झाल्यावर येणारे ते काळाचे, आणि राखण न केल्यामुळे वेळेआधी येणारे ते अकाळाचे. मालमत्तेच्या कायद्यातला वाजवी झिजेचा अपवाद आणि सुश्रुताचा हा भेद यांची विचारसरणी एकच आहे, आणि ती दोन्हीकडे एकाच कारणाने आली आहे: ज्याला न्याय करायचा आहे किंवा ज्याला उपचार करायचा आहे, त्याला सगळ्याच जीर्णतेला अपराध म्हणून चालत नाही, आणि सगळ्याच अपराधाला जीर्णता म्हणूनही चालत नाही.

कर्मसिद्धान्ताचा यात अधिक्षेप होतो असे कोणी म्हणेल. परंतु ज्याने कर्मविपाक मानला त्या बुद्धानेच या बाबतीत स्पष्ट मर्यादा घातली आहे. संयुक्त निकायात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने त्याला विचारले आहे की, मनुष्य जे सुख-दुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्माचेच फळ, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, ते खरे काय? बुद्धाने वेदनेची आठ कारणे मोजली: पित्त, कफ, वात, तिघांचा सन्निपात, ऋतूंचा पालट, विषम निगा, बाहेरून झालेला आघात, आणि मग आठवे कर्माचा विपाक, आणि सर्व काही कर्मावर घालणारे लोक प्रत्यक्ष अनुभव आणि लोकमान्य सत्य दोन्ही ओलांडून बोलतात, असे त्याने सांगितले. या यादीत ऋतूंचा पालट आहे, निगेतली चूक आहे आणि आघातही आहे. घर तपासायला येणाऱ्या कोणाही निःपक्षपाती पंचाने हीच यादी हाती घेऊन फिरावे. आजाऱ्याच्या उशाशी बसून कर्माचा हिशेब काढणे हा माझ्या मते धर्म नाही, निर्दयपणा आहे. आणि तो शास्त्राच्या नावाने केला जातो तेव्हा शास्त्राचा अवमानही आहे.

एक शंका मात्र सहज निकालात काढता येत नाही. कबीराच्या एका प्रसिद्ध पदात देहाला झिरझिरीत चादरीची उपमा दिली आहे. देव, मानव, मुनी सर्वांनी ती पांघरली आणि मळवली, कबीराने मात्र जपून पांघरली आणि होती तशी परत ठेवली, असा त्याचा आशय आहे. होती तशी! मग झिजेला या संताच्या दरबारात माफी नाही काय? माझे उत्तर असे की, हे पद रचणारा मागावर बसणारा विणकर होता, आणि कापड अंगावर पडले की सूत विरळ होणारच, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? इतरांवर त्याने ठेवलेला आरोप कापड विरल्याचा नाही, मळवल्याचा आहे. आणि त्याची प्रतिज्ञाही तेवढीच आहे. गीतेतही देही जी वस्त्रे टाकून नवी घेतो ती जीर्ण झालेली आहेत. ती फाडलेली किंवा डागाळलेली असल्याचा उल्लेख तेथे नाही. झिजलेले पण निर्मळ वस्त्र परत करणाराला मी पूर्ण ऋणमुक्त मानतो. साठ वर्षे वापरलेले गुडघे कोऱ्या स्थितीत परत मागणारा धनी असेलच, तर त्याची मागणी अन्यायाची आहे, मग तो कोणीही असो.

घराकडे परत येऊन एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. वरचे सर्व तत्त्वज्ञान ताबा देण्याच्या दिवशी केलेल्या फर्दीवाचून लंगडे आहे: कोणती भिंत कधी रंगवलेली, कोठे ओल, कोणता कडीकोयंडा सैल, कोणती फरशी आधीच तडकलेली, हे तारखेसह लिहून त्यावर दोघांच्या सह्या नसतील, तर घर सोडताना झीज कोणती आणि हानी कोणती हे ठरवायला ज्याचा आवाज मोठा तोच पंच होतो. शिवाय मुंबई-पुण्याकडे आज बहुतेक घरे भाडेपट्ट्याने दिलीच जात नाहीत. ती लिव्ह अँड लायसन्सच्या कराराने, बहुधा अकरा महिन्यांच्या मुदतीने दिली जातात. असा परवाना १८८२ सालच्याच इझमेंट कायद्याखाली येतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०८वे कलम भाडेपट्ट्यापुरते आहे, आणि तेथेही करारात उलट लिहिले असेल तर करारच चालतो. परवान्याचा हा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, व ती जबाबदारी घरमालकाची आहे, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचे ५५वे कलम सांगते. तेव्हा वाजवी वापराने होणारी झीज वगळून, हे शब्द आपल्या करारात आहेत की नाहीत आणि फर्द त्याला जोडलेली आहे की नाही, हे घर देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने सही करण्यापूर्वी एकदा वाचून पाहावे.